वेणीचे पाच तास

आमच्याकडं तीन पिढ्या कोल्हापुरी पायताणाचं काम चालतं. कोल्हापुरात सुभाषनगरला घर. पुढच्या खोलीत वडिलांची, म्हणजे आण्णांची, बैठक, मागच्या दारात उजेडाला बसलेली आई. मी बी.कॉम. होऊन शिरोली एमआयडीसीतल्या एका कारखान्यात हिशेबाचं काम बघत होते. २०२० च्या लॉकडाऊनमध्ये आमचा माल उचलणाऱ्या व्यापाऱ्यानं हात वर केले आणि तयार बेचाळीस जोड माळ्यावर पडून राहिले. तेवढे खपवायचे म्हणून मी यात पडले, ती आजतागायत आहे. ज्यांच्या घरात हातानं चामड्याचं काम होतं, त्यांच्या उपयोगी पडेल म्हणून हे सविस्तर लिहिते.

पहिले बेचाळीस जोड सोपे गेले. फोटो काढले, व्हॉट्सअ‍ॅपवर टाकले. कॉलेजच्या मैत्रिणी, त्यांच्या सासरची माणसं, पुण्या-मुंबईला गेलेले गल्लीतले लोक यांनी ते घेतले. मला वाटलं, जमलं. मग एका मोठ्या ऑनलाइन विक्रीच्या साइटवर दुकान उघडलं आणि पहिल्या तीन महिन्यांत दर तीन जोडांमागं एक परत यायला लागला. कारण जवळजवळ नेहमी एकच, माप. कुणी लिहायचं घट्ट आहे, कुणी लिहायचं अंगठा चावतो. परतीचं भाडं आमच्या माथी, शिवाय घालून बघितलेल्या चपलेला सुरकुती पडलेली, म्हणजे ती नवी म्हणून विकता येत नाही.

कोल्हापुरीचं गणित बुटासारखं नाही. पाय धरून ठेवायला तिला अंगठा, पट्टा आणि बाजूचे दोन कान एवढंच असतं. नवी चप्पल कडक लागते, ती घट्टच घ्यायची असते, आठ-दहा दिवसांत चामडं पायाच्या आकाराला येतं. पहिल्याच दिवशी सैल वाटली तर पंधरा दिवसांत पायातून निघायला लागते. कोल्हापूरच्या चप्पल लाईनीत, म्हणजे चपलांच्या बाजारात, दुकानदार गिऱ्हाइकाला बसवून, पाय हातात घेऊन हे सांगतो. साइटवर ते सांगायला कुणी नव्हतं.

उपाय आण्णांनी काढला. पूर्वी गावाकडची माणसं कागदावर पाय काढून पाठवायची, तसंच करायचं. आता मी प्रत्येक गिऱ्हाइकाला सांगते: माप संध्याकाळी घ्या, दिवसभर चालून पाय थोडा फुगलेला असतो. कागदावर उभं राहा, बसून नको, अंगाचा भार पायावर येऊ द्या. पेन्सिल सरळ उभी धरून कड काढा. कागदाशेजारी पट्टी ठेवून वरून फोटो घ्या. मग पंजा जिथं सगळ्यात रुंद आहे तिथं दोरा गुंडाळा आणि दोऱ्याची लांबी कळवा. दोन्ही पाय मोजा, कारण पुष्कळांचा एक पाय दुसऱ्याहून मोठा असतो. एवढं करायला माणसाला पाच मिनिटं लागतात. ती साइट मी सोडली, या कागदांवरच विक्री करायला लागले आणि परत येणारे जोड जवळपास थांबले. ते सगळे फोटो आम्ही छापून फाइलीत लावलेत. फोन आला की आण्णा नाव विचारत नाहीत, "उजवा अंगठा वाकडा असलेल्या बाई का?" असं विचारतात.

खरी अडचण किमतीची होती. त्यावर कुणी बोलत नाही, म्हणून इथं जास्त लिहिते.

व्यापारी जोडाला ६०० रुपये द्यायचा आणि दुकानात तोच जोड १,४०० ला लागायचा. मी आधी ७५० लावले आणि आपण किती शहाणे असं वाटून घेतलं. एका रात्री जेवणं झाल्यावर वही घेऊन बसले. तळाचं म्हशीचं चामडं २६०. वरचं आणि वेणीचं बकऱ्याचं चामडं ७०. वादी, रंग, तेल मिळून ३०. झाले ३६०. कोल्हापुरीला खिळा लागत नाही, तळ चामड्याच्याच वादीनं शिवतात, म्हणून तो खर्च नाही. मग मी आण्णांना विचारलं, एका जोडाला तुमचे किती तास? चामडं भिजवणं, दगडावर कुटणं, रापीनं (चामडं कापायच्या हत्यारानं) तळ काढणं, टाच बसवणं, कान अडकवणं, सगळं धरून आठ. आणि आई तुझे?

आई म्हणाली, "माझं काय धरतीस. मी बसल्या बसल्या करते."

तो "बसल्या बसल्या" मी लहानपणापासून बघत आले होते. बकऱ्याच्या पातळ चामड्याच्या दोऱ्यासारख्या पट्ट्या ओल्या फडक्यात ठेवायच्या, एक टोक पायाच्या अंगठ्यात धरायचं आणि दोन्ही हातांनी वेणी घालायची. ओढ जरा कमी पडली की वेणी फुगते, जास्त झाली की पट्टी तुटते. दुसऱ्या दिवशी मी घड्याळ लावून तिच्याजवळ बसले. वेणी, पट्ट्यावरची शिलाई आणि गोंडा मिळून पाच तास दहा मिनिटं. चहाला उठली ते मी धरलं नाही.

म्हणजे व्यापाऱ्याच्या ६०० मधून माल वजा जाता उरायचे २४०, आणि ते तेरा तासांचे. तासाला साडेअठरा रुपये. तोही आकडा आण्णांच्या खिशात जायचा, आईच्या नावानं त्यातलं काहीच निघत नव्हतं. मी कारखान्यात दुसऱ्यांचे हिशेब पैशापर्यंत जुळवत होते आणि माझ्या घरातले हे पाच तास तीस वर्षं कुठल्याच वहीत आले नव्हते. त्या रात्री मला झोप लागली नाही.

नवा हिशेब असा केला: माल ३६०, तेरा तासांचे दोघांना सारखेच पन्नासनं ६५०, खोकं आणि कापडी पिशवी ४०, दुरुस्ती आणि फसलेल्या मालाची तजवीज १००, माझे १००. झाले १,२५०. टपालखर्च आणि कर वेगळा. आण्णा घाबरले. "एवढ्याला कोण घेणार हाय? खुळी हाईस का काय?" त्यांची भीती खरी ठरली. पुढचे दोन महिने विक्री निम्म्यावर आली.

मग पुण्यात डिसेंबरात भरणाऱ्या भीमथडी जत्रेत बचत गटातर्फे जागा मिळाली. चपला मांडल्या, पाटी लावली, लोक किंमत विचारून पुढं जायचे. दुपारी आईला रिकामं बसवेना, म्हणून तिनं पिशवीतून पट्ट्या काढल्या आणि वेणी घालायला घेतली. पाच मिनिटांत भोवती घोळका झाला. एक आजोबा वीस मिनिटं उभे होते. एका मुलीनं विचारलं, "ही चपलेवरची वेणी हातानं घालतात?" तोवर मला वाटायचं हे सगळ्यांना ठाऊकच असतं. त्या संध्याकाळी किमतीवर कुणी घासाघीस केली नाही. तेव्हापासून माझी जाहिरात म्हणजे आईच्या हातांचे व्हिडिओ, बिनसंगीताचे, फक्त कुटण्याचा आणि पट्टी ओढल्याचा आवाज. सोबत तासांचा हिशेब मी उघड लिहिते.

खोक्यावर आई आणि आण्णा दोघांची नावं छापायची ठरवली, तेव्हा आण्णा दोन दिवस गप्प होते. मग म्हणाले, "आडनाव नको. लोकांना जात कळती." मी काय बोलणार? त्यांनी काय काय ऐकलं असेल, ते मला माहीत आहे. शेवटी आईच म्हणाली, "कळू दे की. पायताण आमीच करतो न्हवं?" आता खोक्यावर दोन्ही पूर्ण नावं आहेत, आईचं आधी.

बाकीच्या गोष्टी थोडक्यात. पहिल्या पावसाळ्यात प्लॅस्टिकच्या पिशवीतून पाठवलेल्या नऊ जोडांना वाटेत बुरशी आली. सगळे बदलून दिले. आता जून ते ऑगस्ट आम्ही माल पाठवत नाही, ऑर्डरी घेऊन ठेवतो. बाभळीची साल आणि हिरडा घालून कमावलेलं चामडं श्वास घेतं, ओल धरतं, ते गिऱ्हाइकाला सांगून टाकलेलं बरं.

कोल्हापुरीला २०१९ मध्ये जीआय, म्हणजे भौगोलिक मानांकन मिळालं. ते महाराष्ट्रातले कोल्हापूर, सांगली, सातारा, सोलापूर आणि कर्नाटकातले बेळगाव, धारवाड, बागलकोट, विजापूर अशा आठ जिल्ह्यांचं आहे. पण त्याचा वापर करायला कारागिरानं अधिकृत वापरकर्ता म्हणून आपली वेगळी नोंदणी करायची असते. ती जरूर करा, बाजारात रेक्झिनच्या चपला कोल्हापुरी म्हणून खपतात. कराचंही सांगते. हजाराच्या वरच्या पादत्राणांवर १८ टक्के जीएसटी होता, म्हणजे आमचा जोड १,४७५ ला पडायचा. २२ सप्टेंबर २०२५ पासून २,५०० पर्यंतच्या जोडाला ५ टक्के झाला, आता तोच १,३१२ रुपये ५० पैशांना जातो. पूर्वी ९९९ च्या आत बसवायला चामडं पातळ लावायचा मोह व्हायचा, तो संपला.

जून २०२५ मध्ये मिलानच्या एका फॅशन शोमध्ये कोल्हापुरीसारख्या चपला दिसल्या आणि सगळीकडं गाजावाजा झाला. आमच्याकडं आठवड्यात शंभराहून जास्त विचारणा आल्या. दोघांच्या हातून महिन्याला पंचवीस-सव्वीस जोड होतात. बाहेरून घेऊन आपल्या खोक्यात घाला, असा सल्ला एकानं दिला. खोक्यावर नावं ज्यांची, हात त्यांचेच हवेत. मी प्रत्येकाला तीन महिन्यांनंतरची तारीख दिली. बरेच जण गळाले, चाळीस थांबले.

गेल्या महिन्यात नाशिकहून एक जुना जोड दुरुस्तीला आला. तीन वर्षं वापरलेला, तळावर पाची बोटांचे ठसे उठलेले, टाच झिजलेली, डाव्या पायाची वेणी तुटलेली. आण्णांनी टाच बदलली. आईनं जुनी वेणी उलगडून बघितली, ओळखली, नवी घातली, तेल लावून उन्हाच्या कडेला ठेवली. मी बिल करायला बसले आणि टाचेचे १५० लिहिले. आई मागं येऊन उभी राहिली.

"वेणीचे दोनशे लाव," म्हणाली. "चार तास गेलेत."