कोविडमध्ये किती कमावलं?

तुम्ही विचारलंत म्हणून लिहितोय. लग्नाच्या पंगतीत असो की सलूनच्या खुर्चीत, सांगलीत माझं मेडिकल आहे म्हटलं की पुढचा प्रश्न ठरलेला: "मग कोविडमध्ये चांगलंच छापलं असेल की!"

कमावलं. व्हिटॅमिन सी, झिंक, ऑक्सिमीटर, वाफेची यंत्रं, सगळं खपलं. पण छापील किमतीवर एक रुपया चढवला नाही. केंद्रानं मार्च २०२० मध्ये तीन पदरी मास्कची किंमत १० रुपयांवर बांधली, तेव्हा त्याहून महाग घेतलेले माझ्याकडे पडून होते. तोटा सोसून विकले. हे कुणी विचारत नाही.

हेही कुणी विचारत नाही, की आजूबाजूचे दवाखाने बंद होते तेव्हा ताप आलेला माणूस आधी कुठे जात होता. माझ्या काउंटरवर. १६ जानेवारी २०२१ ला आरोग्य कर्मचाऱ्यांचं लसीकरण सुरू झालं, त्या यादीत आम्ही खासगी दुकानवाले नव्हतो. सरकारनं ५० लाखांचा विमा दिला, त्यातही नव्हतो. मला लस मिळाली ती वयाच्या रांगेतून, जूनमध्ये. त्या जानेवारीत मी भेटेल त्याला तावातावानं सांगायचो, आम्ही किराणावाले नाही, रजिस्टर्ड फार्मासिस्ट आहोत, आम्हाला आरोग्यसेवक म्हणा.

आता त्या रात्रीचं सांगतो.

एप्रिल २०२१ चा शेवटचा आठवडा. साडेनऊ वाजले होते, शटर अर्धं ओढलं होतं. आमच्याच गल्लीतला मुलगा वाकून आत आला. वडील कोविडनं घरीच झोपून होते. फोनवर बघितलेल्या एका डॉक्टरांनी पाच दिवसांचं मिथाइलप्रेडनिसोलोन हे स्टेरॉइड लिहून दिलं होतं. ते मीच दिलं होतं आणि आता संपलं होतं. "काका, त्या गोळीनं बाबांना बरं वाटतंय. अजून पाच दिवसांच्या द्या. डॉक्टर फोनच उचलत नाहीत."

त्याचे वडील बारा वर्षं माझ्याकडूनच मधुमेहाच्या गोळ्या नेत होते. मेटफॉर्मिन, पुढे ग्लिमेपिराइडही. मला पाठ होतं ते. डॉक्टर नवे, चिठ्ठीवर मधुमेहाचा उल्लेख नव्हता. म्हणजे ही दोन्ही औषधं एकाच माणसाच्या पोटात जातायत हे अख्ख्या सांगलीत माहीत असणारा कदाचित मी एकटाच होतो. स्टेरॉइडनं साखर भडकते, हे कळायला डॉक्टर असावं लागत नाही. डॉक्टरांनी पुन्हा द्या असं लिहिलं नसेल तर एका चिठ्ठीवर असं औषध दुसऱ्यांदा देता येत नाही, हा नियमही जुना आहे, मला माहीत असलेला.

मी गोळ्या दिल्या.

घरी साखर तपासताय का, एवढंही विचारलं नाही. कोविडवरच्या रेमडेसिवीर इंजेक्शनसाठी फोन सारखा वाजत होता. ते इंजेक्शन आता थेट हॉस्पिटललाच जातं, हे त्या दिवशी मी शंभरावेळा तरी सांगितलं असेल. मुलाचे डोळे सुजलेले होते. बिल करून पैसे गल्ल्यात टाकले आणि शटर खाली ओढलं.

मे महिन्याच्या मध्यावर त्याच्या वडिलांचं एका बाजूचं नाक बंद झालं, गाल सुजला. काळी बुरशी. स्टेरॉइडनं साखर भडकली की तिला वाव मिळतो. मिरजेत ऑपरेशन झालं, उजवा डोळा काढावा लागला. त्या बुरशीवरचं औषध अँफोटेरिसिन शोधत मुलगा माझ्याकडेच आला होता. माझ्याकडे नव्हतं.

माझ्या त्या पाच दिवसांच्या गोळ्यांमुळेच झालं, असं कुणी छातीठोकपणे सांगू शकणार नाही. आधीचे पाच दिवसही होते, मुळात मधुमेह होता. मी नाही दिल्या तर पुढच्या चौकातून त्यानं नेल्याच असत्या. हे सगळं मी स्वतःला इतक्या वेळा ऐकवलंय की आता त्यातलं एकही वाक्य मला पटत नाही. आणि खोटंही वाटत नाही.

जानेवारीत भांडणारा तो जो मी होतो, त्याला विचारतो: आरोग्यसेवक म्हणवून घ्यायचं होतं ना? मग ते काम समोर येऊन उभं राहिलं तेव्हा दुकानदार का झालास? तो म्हणतो, चौदा तास उभा होतो, लस नव्हती, घरी ऐंशीची आई होती. तेही खरंच आहे.

मुलगा अजून दर महिन्याला वडिलांच्या गोळ्या न्यायला येतो. "त्या वेळी तुम्ही औषध दिलंत काका, उपकार झाले," असं दोनदा म्हणाला. मी त्याला काही सांगितलेलं नाही.

मागच्या महिन्यात एका गिऱ्हाइकाला जुन्या चिठ्ठीवर स्टेरॉइड द्यायला मी नकार दिला. तो चिडला. "कोविडमध्ये तर मागेल त्याला देत होतात!" मी गप्प राहिलो. तो रस्ता ओलांडून समोरच्या मेडिकलमध्ये गेला आणि दोन मिनिटांत पिशवी घेऊन बाहेर आला.