सोळा तास, तीस गोळ्या

आजचा दिवस इलिनॉयचा पिस्तूल-परवान्याचा कायदा कलमाकलमाने वाचण्यात गेला. कपड्याआड पिस्तूल बाळगू देणारं अमेरिकेतलं हे शेवटचं, पन्नासावं राज्य. तेही राजीखुशीने नाही. डिसेंबर २०१२ मध्ये फेडरल अपील कोर्टाने सरसकट बंदी घटनाबाह्य ठरवून नवा कायदा करायला १८० दिवसांची मुदत दिली. पुढे ती ९ जुलै २०१३ पर्यंत वाढली.

आठवडाभर आधी गव्हर्नर पॅट क्विन यांनी परवान्याचं विधेयक दुरुस्त्या सुचवून परत पाठवलं: एका वेळी एकच पिस्तूल, मॅगझिनमध्ये दहाच गोळ्या, दारू मिळते तिथे पूर्ण बंदी. मुदतीच्याच दिवशी दोन्ही सभागृहांनी त्या दुरुस्त्या धुडकावून मूळ विधेयकच मंजूर केलं. माझ्या मते दारूची दुरुस्ती तरी ठेवायला हवी होती. मंजूर कायद्यात निम्म्याहून जास्त विक्री दारूची असेल तरच बंदी आहे. दारात उभ्या माणसाला तो हिशेब कसा कळणार? सगळी भिस्त बंदूकबंदीच्या चार बाय सहा इंचांच्या पाटीवर.

परवान्याला वय २१, राज्याचं बंदूकमालक ओळखपत्र, १६ तास प्रशिक्षण, रहिवाशाला १५० डॉलर फी. मुदत ५ वर्षं. नेमबाजीत ३० गोळ्या: ५, ७ आणि १० यार्डांवरून दहा-दहा. पैकी २१ लागल्याच पाहिजेत.

सार्वजनिक बस-ट्रेनमध्ये मात्र भरलेलं पिस्तूल अंगावर बाळगायला बंदी. गाडीवाल्याला पिस्तूल गाडीत कुलूपबंद ठेवता येतं. बसने कामावर जाणाऱ्याने तेवढीच फी भरून वाटभर ते रिकामं करून पेटीत बंद ठेवायचं. हे मला खटकतं.