दोन कळांमधला वेळ

पहिलटकरणीला बाळंतपणाच्या गोष्टी सगळेच सांगतात, पण त्या बहुतेक शेवटच्या अर्ध्या तासाच्या असतात. त्याआधीच्या लांबलचक रात्रीविषयी, आणि विशेषतः एक कळ ओसरल्यापासून दुसरी येईपर्यंतच्या मोकळ्या वेळाविषयी, मला कोणी काही सांगितले नव्हते. माझ्या बाळंतपणाचा मोठा भाग त्याच वेळाचा होता, म्हणून त्याबद्दल लिहिते आहे.

आमच्याकडच्या रीतीप्रमाणे पहिले बाळंतपण माहेरी व्हायचे असल्यामुळे मी पुण्याहून सोलापूरच्या जुळे सोलापूर भागात आईकडे आले होते. मे महिना होता, आणि पारा चाळिशीच्या खाली यायला तयार नव्हता. शेवटच्या आठवड्यांत पोट अधूनमधून कडक होई, पण डाव्या कुशीवर पडून पाणी प्यायले की ते आपोआप सैल पडे. खऱ्या कळा अशा शमत नाहीत. त्या ठरावीक अंतराने येतात, त्यांच्यामधले अंतर घटत जाते आणि जोर वाढत जातो, हे डॉक्टरांनी आधीच समजावून सांगितले होते. दर पाच मिनिटांनी सुमारे मिनिटभर टिकणारी कळ तासभर येत राहिली की निघा, मात्र पाणी गेले, रक्त जाऊ लागले किंवा बाळाची हालचाल कमी वाटली तर घड्याळाकडे न बघता लगेच या, अशी त्यांची सूचना होती.

संध्याकाळी कंबरेत सुरू झालेले दुखणे रात्री जेवणानंतर पोटाकडे आले आणि बाबांनी कॅलेंडरच्या मागच्या बाजूवर वेळा मांडायला सुरुवात केली. खाली पंख्याचा वारासुद्धा गरम लागत होता, तेव्हा आई मला गच्चीवर घेऊन गेली. सोलापुरात उन्हाळ्यात निम्मी वस्ती गच्चीवरच झोपते. शेजारच्या काकूंनी अंथरुणातूनच विचारपूस केली, आणि वाढलेल्या रात्री दोन्ही घरांच्या गच्च्यांवर कुजबुज सुरू झाली. कळ आली की मी कठड्याला धरून वाकून उभी राही, आई कंबरेवर तळहात दाबून धरी, आणि कळ गेली की आम्ही पुन्हा चालू लागत असू. मधल्या वेळात मी चार घास दहीभात खाल्ला, ताक प्यायले, एकदा तर चक्क बारशाच्या पाहुण्यांवरून आईशी वाद घातला. दुखणे थांबले की ते पूर्णपणे थांबते, यावर माझा विश्वासच बसत नव्हता.

याचे कारण मला नंतर कळले. कळ येते तेव्हा गर्भाशयाचे स्नायू आवळले जातात आणि बाळाला पोसणाऱ्या वारेकडे जाणारा रक्तपुरवठा तेवढ्यापुरता कमी होतो. स्नायू सैल पडले की तो पूर्ववत होतो. म्हणजे मधली विश्रांती एकट्या आईची नसते, ती बाळालाही लागते. कळा सुरू असताना डॉक्टर आणि सिस्टर बाळाचे ठोके पुन्हा पुन्हा का ऐकतात आणि ते मिनिटाला ११० ते १६० च्या दरम्यान आहेत ना, हे का पाहतात, तेही मग लक्षात आले.

पहाटेच्या सुमारास विजापूर रस्त्याने सात रस्त्याकडच्या दवाखान्यात जाताना मला वाटत होते की आता थोडेच उरले आहे. तपासणीत गर्भपिशवीचे तोंड तीन सेंटीमीटर उघडल्याचे कळले आणि मी हिरमुसले. ते दहापर्यंत उघडावे लागते. साधारण पाचनंतर वेग येतो, आणि पहिल्या खेपेला त्याआधीचा टप्पा किती चालेल याला काही नियम नाही, असे डॉक्टर शांतपणे म्हणाल्या. आईला माझ्याजवळ थांबू दिले, याचे मोल मला फार वाटते. शेजारच्या खाटेवरची बाई कळ आली की ‘अव्वा’ म्हणून हाक मारी आणि मी ‘आई गं’ म्हणे. तिला मराठी बेताचेच येत होते आणि मला कानडी त्याहूनही कमी, तरी कळ नसेल तेव्हा आम्ही एकमेकींकडे बघून हसत होतो.

शेवटी शेवटी मात्र ती मोकळी मिनिटे आटली. एक कळ उतरते न उतरते तोच दुसरी चढू लागे, अंग थरथरे, उलटी झाली, आणि मी ‘मला जमणार नाही, सिझर करा’ असे स्पष्ट सांगून टाकले. डॉक्टरांनी तपासले आणि तोंड पूर्ण उघडल्याचे सांगितले. जोर कळेबरोबरच लावायचा आणि कळ गेली की अंग सोडून द्यायचे, हे त्या दरवेळी सांगत राहिल्या. ‘एवढे ओरडायला काय झाले,’ हे एका सिस्टरचे वाक्य मला अजून खटकते. ओरडण्यात दम घालवू नको, एवढे सांगितले असते तरी पुरले असते.

मुलगी झाली. तिला पुसून लगेच माझ्या छातीवर ठेवले आणि नाळ मिनिटभर थांबून कापली. रक्तस्राव आवरावा म्हणून इंजेक्शन दिले, थोड्या वेळाने वार पडली, जागा बधिर करून टाके घातले. हे टाके पुढे बरेच दिवस बसताना जाणवत राहिले. कळांपेक्षा त्यांचाच मला जास्त वैताग आला. आजीच्या मनात बोटाने मध चाटवायचे होते, पण डॉक्टरांनी साफ नकार दिला आणि पहिल्या तासाभरातच मुलीला अंगावर घ्यायला लावले. पिवळसर, दाट चीक अगदी थेंबभरच आला, आणि सुरुवातीला तेवढाच पुरतो, हे मला तिथे कळले.

घरी आल्यावर सोलापूरच्या मे महिन्यात शेक-शेगडी करायची की नाही यावरून आई आणि आजीचे चांगलेच जुंपले. शेवटी शेगडी माळ्यावरच राहिली, तेलाचे मालीश आणि कोमट पाण्याची आंघोळ ठरली, आणि डिंकाचे लाडू मात्र आजीने कोणाचेही न ऐकता वळले.