पद नव्हे, काम

यंत्रभागांच्या डिझाइनच्या कामात मला अकरा वर्षे झाली होती, तेव्हा वरिष्ठांनी विभागप्रमुखपद घेण्याविषयी विचारले आणि उत्तरासाठी महिन्याभराची मुदत दिली. होकार द्यावासा वाटत नव्हता आणि नकाराचे कारणही सांगता येत नव्हते. पुढच्या दहा-पंधरा वर्षांत आपल्याला काय करायचे आहे, याचा आपण कधी नीट विचारच केलेला नाही, हे त्या वेळी ध्यानात आले.

पहिल्या आठवड्यात या प्रश्नाचे उत्तर म्हणून मी जे काही लिहिले ती निव्वळ पदांची चढण होती आणि माझ्या जागी असलेल्या कोणीही तेच लिहिले असते. मग व्यवस्थापनशास्त्राचे अभ्यासक एडगर शाइन यांचे संशोधन वाचनात आले. त्यांनी अमेरिकेतल्या एमआयटी या विद्यापीठाच्या ४४ पदवीधरांचा १९६१पासून दीर्घकाळ मागोवा घेतला आणि त्यातून ‘करिअर अँकर’ ही कल्पना मांडली : प्रत्यक्ष निवडीची वेळ येते तेव्हा माणूस जी गोष्ट सोडायला तयार होत नाही, ती त्याच्या कारकिर्दीचा नांगर. एखाद्या विषयातले प्रावीण्य, स्वायत्तता, स्थैर्य, व्यवस्थापन असे हे नांगर निरनिराळे असतात. मला यातली सर्वांत उपयोगी गोष्ट वाटली ती म्हणजे उत्तर इच्छांमध्ये न शोधता झालेल्या निर्णयांमध्ये शोधायचे.

म्हणून मी अकरा वर्षांतले सात निर्णय कागदावर मांडले आणि प्रत्येकापुढे काय मिळवले, काय सोडले आणि सोडल्याचे वाईट वाटले का, हे लिहिले. त्याला दोन रविवार लागले, आणि ते कष्टाचे होते, कारण जुन्या निर्णयांना आपण नंतर चिकटवलेली कारणे खरवडून काढावी लागतात. दोनदा मी बढतीची संधी सोडली होती. दोन्ही वेळी माझ्यासमोर मोडलेला एखादा भाग होता आणि भेग कुठून सुरू झाली हे मला शोधायचे होते. तुटलेल्या पृष्ठभागावरच्या खुणा वाचत भेगेच्या उगमापर्यंत पोहोचण्यात जो आनंद मला मिळतो, तो दुसऱ्या कशातच मिळालेला नाही, हे कागदावर पाहिल्यावर मला नाकारता येईना.

त्यानंतर लिहिलेल्या वाक्यात पद नव्हते : ‘भाग का मोडला, याचे उत्तर हवे असेल तेव्हा ज्यांच्या निष्कर्षावर विसंबता येईल आणि जे ही विद्या दुसऱ्यांना शिकवतील, अशांपैकी मी एक असेन.’ तिथून मागे येत मी तीन वर्षांत काय यायला हवे ते ठरवले (धातुशास्त्रात मी फारच कच्ची होते) आणि मग चालू वर्षात कोणता अभ्यासक्रम करायचा ते.

वरिष्ठांना मी कारणासह नकार कळवला आणि मोडतोडीच्या तपासात वाटा मागितला. त्यांना नकार पटवून देणे अपेक्षेपेक्षा सोपे गेले; घरी समजावणे अधिक कठीण होते, कारण वाढीव पगार सोडण्याचा प्रश्न खरा होता.

ते वाक्य मी दरवर्षी एकदा तपासते. त्याला कारण १९,०००हून अधिक लोकांवरचे, २०१३मध्ये प्रसिद्ध झालेले एक संशोधन. गेल्या दहा वर्षांत आपण खूप बदललो हे माणसे मान्य करतात, पण पुढच्या दहा वर्षांतल्या बदलाचा अंदाज मात्र फार कमी करतात, असे त्यात आढळले. यंदाच्या तपासणीत मी ‘शिकवणे’ हा भाग वाक्याच्या शेवटातून उचलून सुरुवातीला आणला आहे.