मूळ गाणं कुणाचं?

आज दुपारभर एकच गाणं ऐकत बसले. 'विदाउट यू'. अमेरिकन गायिका मारिया कॅरीचं १९९४ चं मला तोंडपाठ, कॉलेजात असताना त्याची कॅसेट अक्षरशः झिजवली होती. आज पहिल्यांदाच मागे मागे जात मुळापर्यंत पोचले.

मूळ गाणं बॅडफिंगर या ब्रिटिश बँडचं, १९७० च्या 'नो डाइस' अल्बममधलं. बँडमधल्याच पीट हॅम आणि टॉम इव्हान्स यांची दोन अपुरी गाणी होती. एकाची कडवी आणि दुसऱ्याचं ध्रुवपद जोडून हे झालं! त्यांचं गाणं साधं, जरा खडबडीत, कसलाही थाट नसलेलं.

मग १९७१ मध्ये ते गायलेला अमेरिकन गायक हॅरी निल्सन. सुरुवातीला पियानो आणि स्वतःशीच बोलल्यासारखा आवाज. ध्रुवपदाला तोच आवाज असा वर चढतो की निवडायला घेतलेली मेथी तशीच राहिली. अमेरिकेत चार आठवडे हे गाणं पहिल्या क्रमांकावर होतं. मारियाने गायलं ते निल्सनच्याच वाटेने. तिचं सिंगल आलं त्याच महिन्यात, १५ जानेवारी १९९४ ला, निल्सन गेला.

आणि ज्यांनी ते लिहिलं? हॅमने १९७५ मध्ये आणि इव्हान्सने १९८३ मध्ये स्वतःचं आयुष्य संपवलं. हे वाचलं आणि बराच वेळ काही सुचेना. मग बॅडफिंगरचंच पुन्हा लावलं. निल्सन थोर गायला, यात वादच नाही. पण आज मला त्या दोघांनाच ऐकायचं होतं.

रात्री लेकीला ऐकवलं. "छान आहे गं आई, कुणाचं?"

मी दोन्ही नावं सांगितली.