साकाईचे तेनुगुई आणि माझा निळा डाग

ओसाकाला गेलात तर दोतोनबोरीचे दिवे बघून झाल्यावर अर्धा दिवस शेजारच्या साकाई शहरासाठी काढाच, तिथे तेनुगुई बनतात. बायकोचं म्हणणं होतं की टॉवेल बघायला एवढ्या लांब कोण जातं, पण तेनुगुई म्हणजे आपला जाडजूड टर्किश टॉवेल नाही, आपल्या पंचाचा जपानी चुलतभाऊ समजा, पातळ सुती कापड, साधारण ३५ बाय ९० सेंटीमीटर, हात पुसा, डोक्याला बांधा, डबा गुंडाळा, आवडलं तर भिंतीला लावा.

जायचं कसं, तर ओसाकातल्या तेन्नोजी स्टेशनहून जेआरची, म्हणजे जपान रेल्वेची, हानवा लाइन आणि उतरायचं त्सुकुनोला. मुंबईकरांना काय सांगायचं, पण स्लो गाडीच पकडा, फास्ट तिथे थांबत नाही, आम्ही पुढच्या ओतोरी स्टेशनपर्यंत जाऊन उलटे आलो. एका बाजूला कापूस पिकवणारा मुलूख, दुसरीकडे ओसाकाचा बाजार आणि मधे इशिझू नदीचं पाणी, म्हणून कापड उकळून पांढरं करायचा धंदा इथे जमला. ते काम अजूनही सावकाश होतं, कापड दाबून-ताणून काढत नाहीत, त्यामुळे हाताला मऊ लागतं.

कारखान्यात असंच जाऊन उभं राहू नका, आधी बुकिंग करा, आणि कपडे खराब झाले तर चालतील असेच घाला. रंगवायच्या पद्धतीला चूसेन म्हणतात, मेइजी काळात (१८६८-१९१२) ओसाकातच सुरू झाली. लांबच लांब कापड पसरतात, त्यावर नक्षी कापलेला कागद ठेवून लाकडी पट्टीनं चिकट खळ ओढतात, जिथे खळ तिथे रंग लागत नाही. मग कापडाची घडी, परत कागद, परत खळ, परत घडी, नागमोडी थप्पी होत जाते. एक इंच जरी सरकलं तरी खालच्या सगळ्या तुकड्यांची नक्षी बिघडणार, तरी तो माणूस मोजमाप न करता घड्या घालत होता.

पुढचा भाग तर मी तोंड उघडं ठेवूनच बघितला. नक्षीभोवती खळीचा बांध घालतात, शेताला घालतो तसाच, आणि त्यात झारीनं रंग ओततात. खाली पंप असतो, पायानं दाबला की रंग थप्पीतून सर्रकन खाली ओढला जातो. मग थप्पी उलटी करून परत ओतायचा. रंग सुतातून आरपार जातो म्हणून उलट-सुलट बाजूच नसते. दोन झाऱ्या जवळजवळ ओतून रंग एकमेकांत विरघळवतात, त्यामुळे दोन तुकडे कधी डिट्टो सारखे निघत नाहीत.

मलाही झारी दिली. शिकवणाऱ्या काकांनी खुणेनं सांगितलं होतं हळू, हळू, पण मी चहा ओतावा तसा ओतला, बांध फुटला आणि नक्षीतल्या पांढऱ्या बगळ्याच्या पोटात निळा डाग. काका हसले आणि काहीतरी बोलले, बहुतेक ढग म्हणाले असावेत, मी तेच धरून चाललोय.

खरेदीचं म्हणाल तर तुकडा उलटा करून बघा, मागची बाजू फिकी असेल तर ते नुसतं छापलेलं. चूसेनचा साधारण हजार-दीड हजार येनला पडतो, शंभर येनच्या दुकानातला वेगळा. टोकियोतच असाल तर दाइकान्यामा भागात कामावानू नावाचं दुकान आहे, तिथे डिझाइन भरपूर. आणि एक तुकडा विकत घेतल्या घेतल्या खिशात टाका, तिकडच्या कितीतरी बाथरूममध्ये हात पुसायला काहीच नसतं.

घरी आल्यावर पहिल्या काही धुण्यांना एकटाच धुवा, गार पाण्यात, भिजत ठेवू नका, रंग जातो. दोन्ही टोकं मुद्दाम कापून तशीच सोडलेली असतात, पट्कन वाळावं म्हणून आणि गरज पडली तर फाडून पट्टी बांधता यावी म्हणून. सुरुवातीला दोरे निघतात, ओढू नका, कात्रीनं कापा, थोडं उसवून आपोआप थांबतं.

हे सगळं मी आईला सांगेपर्यंत तिनं बगळेवाल्याच्या दोन्ही टोकांना मशीनवर दुहेरी शिवण मारून ठेवली होती, "अरे, एवढे पैसे घेऊन कडाही शिवल्या नाहीत त्यांनी." आता दोरीवर बाकीचे सगळे वाळलेले असतात तेव्हा तो एकटा टोकांना ओला असतो.