पिल्लाला पट्ट्याची सवय लावताना

लसीकरण पूर्ण झाल्यानंतर आमच्या पोमेरेनियन पिल्लाने आज प्रथमच पट्टा बांधलेला असताना फाटकापासून कोपऱ्यावरच्या विजेच्या खांबापर्यंतचे अंतर स्वतःच्या पायांनी पार केले, आणि ज्यांनी त्याला चारही पाय रोवून ठाण मांडताना पाहिले आहे, त्यांना याचे अप्रूप नक्कीच कळेल. पट्टा ताणला की कुत्रे सहजप्रवृत्तीने उलट दिशेला जोर लावते, त्यामुळे ओढाओढीने त्याचा हट्ट वाढतोच. शिवाय पोमेरेनियन, चिवावा, यॉर्कशायर टेरियर अशा लहान जातींमध्ये श्वासनलिका खचण्याचा विकार तुलनेने अधिक आढळत असल्याने, गळपट्ट्याऐवजी छातीवर भार विभागणारा हार्नेसच वापरावा, असे माझे ठाम मत आहे. (एवढ्याशा जिवाला जाड साखळी कशासाठी लावतात, हे कोडे मला उलगडलेले नाही.)

हार्नेसची सवय घरातच, जेवणाच्या वेळी लावली होती. वाटीत तोंड गेले की अंगावरच्या पट्ट्यांचा त्याला विसर पडे. आज बाहेर मी त्याच्या शेजारी उकिडवा बसलो, दोरी सैल सोडली आणि त्याने पाऊल उचलताच उकडलेल्या चिकनचा नखाएवढा तुकडा माझ्या गुडघ्याजवळ धरला. स्कूटर जवळून गेली की ते कान मागे पाडून थबकत होते. अशा वेळी न चुचकारता, न ओढता मी नुसता थांबून राहिलो. पिल्लांचा उत्साह लवकर मावळतो, म्हणून थोड्याच वेळात आम्ही परतलो. परतीच्या वाटेवर मात्र स्वारी माझ्या पुढे होती!